शेऱ्याची कोरी जागा

सोमवार, १ डिसेंबर २०२५

सुटलो. वधू-वर सूचीचं काम यंदाही माझ्याकडेच राहिलं. काल भुसावळला समितीची बैठक झाली आणि आज सकाळी लोटन आबांचा फोन आला. आबा म्हणजे आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे सर्वेसर्वा. निवृत्त हेडमास्तर, वय एक्क्याऐंशी, आवाज अजून वर्गातला. म्हणाले, “हितू, तुलेच देयेल शे काम. पन यंदा एक बी चूक चालनार नही. पोरीसना जीवना सवाल शे हाऊ.”

कुठली चूक ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मेळावा दर दोन वर्षांनी होतो. मागच्या सूचीत धुळ्याच्या मोतीलालभाऊंच्या कोकिळाच्या कार्डावर, शेऱ्याच्या जागी, ‘पुनर्विवाह’ असं छापून आलं होतं. पोरीचं पहिलं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. जामनेरचे पाहुणे बघायला निघणार होते, ते घरीच बसले. आम्ही दुरुस्तीचं पत्रक काढलं, पण पत्रक कोण वाचतं? लोक म्हणाले, काहीतरी असेल म्हणूनच छापलं ना.

तेव्हा माहिती भरायचं काम रूपाताईंकडे होतं, सहा वर्षांपासून. त्यांना मी काढून टाकलं. त्या शेवटपर्यंत म्हणत होत्या, “भाऊ, मी ती जागा कोरीच सोडली होती.” पण माझा पारा चढलेला होता.

असो. मेळावा २८ तारखेला, जळगावात. त्याच दिवशी सूची वेबसाइटवर जाणार आणि छापील पुस्तकही वाटलं जाणार. पुस्तक वेबसाइटच्या पानांवरूनच निघतं, त्यामुळे पान चुकलं की पुस्तक चुकलं.

बुधवार, ३ डिसेंबर

नवी प्रोग्रामर ज्योत्स्ना माझ्या जळगावच्या ऑफिसात रुजू झाली. वय सव्वीस, रोज अमळनेरहून रेल्वेने येणार. मला ‘सर’ म्हणते. भाऊ म्हण, सांगून पाहिलं, तर म्हणाली, “हो सर.”

सूचीच्या वेबसाइटसाठी मी २०११ साली लिहिलेला सगळा कोड तिने एका बैठकीत वाचला. चेहरा अगदी सभ्य ठेवला होता, म्हणजे आत काय चाललं असेल ते कळलं. मग विचारलं, “सर, या परिचय टॅगच्या टेस्ट कुठे आहेत?” मी माझ्या दोन डोळ्यांकडे बोट दाखवलं. चौदा वर्षं मी पान उघडतो, वरपासून खालपर्यंत बघतो आणि ठीक आहे म्हणतो. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मी वाकून बघणार होतो, पण बरं दिसलं नसतं.

शनिवार, ६ डिसेंबर

लोटन आबा भुसावळहून फॉर्मांचं पोतं घेऊन आले. अकराशे त्रेचाळीस फॉर्म, सगळे हाताने भरलेले, यंदा टायपिंगला बाहेर द्यायचे. चहा घेता घेता म्हणाले, “हाऊ टॅग टॅग काय शे रे? माले समजी असं सांग.”

मी सांगितलं, आबा, वेबपानात मी फक्त एवढंच लिहितो की इथे परिचय हवा. मग परिचय टॅग नावाचा माझा कोड पुढे येतो. तो त्या मुलीची माहिती घेतो, चौकट आखतो, नाव ठळक करतो, खाली शिक्षण, गाव, मामकूळ मांडतो. आत अजून एक छोटा टॅग आहे, शेऱ्याचा. फॉर्ममध्ये शेरा असेल तरच तो चालतो. आबा म्हणाले, “म्हंजे आचारी शे तो. तू फक्त ऑर्डर देस.” मला चौदा वर्षांत इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

ज्योत्स्नाला आमच्याकडच्या रीती माहीत असाव्यात म्हणून आबांनी दोन गोष्टी समजावल्या. पहिली, शेऱ्याची जागा जवळजवळ सगळे कोरी सोडतात. पुनर्विवाह असेल तर लिहायचं, नाहीतर काही नाही. कोरी जागा म्हणजे सगळं ठीक. दुसरी, सूची निघायच्या आत कुणाचं लग्न ठरलं तर त्याचं नाव काढायचं नाही. पुढे ‘जमलं’ अशी खूण करायची. पुस्तकात ते कार्ड येत नाही, पण मेळाव्यात ही नावं व्यासपीठावरून वाचतात आणि लोक टाळ्या वाजवतात. नाव खोडणं अशुभ, असं म्हातारी माणसं मानतात, म्हणून ही पद्धत.

पोत्यात कोकिळाचाही फॉर्म निघाला. मोतीलालभाऊंनी स्वतः भरलेला. शेऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘प्रथम विवाह’. खाली दोन रेघा मारल्यात. अकराशे त्रेचाळीसमध्ये असं लिहिणारे ते एकटेच. वाचून माझी मान खाली गेली. आबांनी फॉर्म गठ्ठ्यात परत घातला.

मंगळवार, ९ डिसेंबर

ज्योत्स्नाने टेस्ट लिहिल्या. पद्धत मजेशीर आहे. टॅग चालवायला एरवी अख्खा सर्व्हर लागतो. तिने टॅगसाठी खोटं पान तयार केलं. टॅगला वाटतं आपण खऱ्या पानावर आहोत, तो बिचारा प्रामाणिकपणे कार्ड लिहितो, आणि तिचा कोड ते अक्षरन् अक्षर तपासून बघतो. शेरा दिला तर आला का, नाही दिला तर जागा कोरी का, ‘जमलं’ असेल तर काहीच लिहिलं नाही ना. चौदा टेस्ट, चौदाही हिरव्या, म्हणजे पास. सगळं मिळून दोन सेकंद.

मी म्हटलं, झालं समाधान? माझा टॅग कसा आहे, कळलं ना. ती म्हणाली, “सर, एवढ्यात नाही सांगता येणार. ही माहिती मी मनाने भरली आहे. खरी माणसं अशी भरत नाहीत. मागच्या सूचीची फाइल मिळेल का?”

मला खरं तर ती फाइल उघडायची नव्हती. पण नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

फाइल सापडली. ज्योत्स्नाने आधी कोकिळाचं कार्ड काढलं. (तिला हे प्रकरण कुणी सांगितलं? आबांनीच असणार.) फाइलमध्ये शेऱ्याची जागा कोरी आहे.

मी म्हटलं, रूपाताईंनी नंतर गुपचूप पुसलं असेल. बोभाटा झाल्यावर माणूस असं करतं. ज्योत्स्ना म्हणाली, “सर, फाइलवर शेवटची तारीख आठ नोव्हेंबर आहे. पुस्तक डिसेंबरमध्ये छापलं ना?”

तारखा पुढेमागे होतात. कॉम्प्युटरचं घड्याळ बिघडतं. हे मी तिला सांगितलं आणि चहाला खाली गेलो. दोन कप घेतले. परत आलो तर तिने अख्खी जुनी फाइल टेस्टमधून चालवून ठेवली होती. प्रत्येक कार्ड स्वच्छ. कोकिळाचंसुद्धा. म्हणजे टॅगने काही केलेलं नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. तिने मात्र सोडला नाही.

तेव्हा मी फाइल उघडून का पाहिली नव्हती, असा प्रश्न आत्ता लिहिताना पडतोय. गरजच वाटली नाही. टॅग मी लिहिलेला होता आणि फाइल त्यांनी भरलेली होती. कोण चुकलं असेल हे तेव्हा उघडच वाटलं.

शनिवार, १३ डिसेंबर

आज ज्योत्स्नाशी बोललो नाही फारसं. ती आपली कामात. एक छोटा खरा सर्व्हर तिच्या मशीनवर बसवतेय. त्यात खरं पान, खरा टॅग, खरी फाइल. मी म्हटलं, टेस्ट हिरव्या आहेत, आता कशाला? म्हणाली, “खोट्या पानावर हिरव्या आहेत, सर.”

अमळनेरची गाडी गाठायची म्हणून साडेपाचला निघते. पिशवीत डबा, वही आणि माझी झोप घेऊन जाते रोज.

मंगळवार, १६ डिसेंबर

सापडलं.

दुपारी तिने मला हाक मारली. खऱ्या सर्व्हरवर जुनी सूची उघडली होती. चारशे तेरा नंबर, कोकिळा, शेरा: पुनर्विवाह. फाइल तीच, कोरी जागा असलेली. मी तीनदा पान बंद करून उघडलं. तीनदा तेच.

मग ती शांतपणे समजावत गेली आणि मी विद्यार्थ्यासारखा ऐकत गेलो. चारशे बारा नंबरला पारोळ्याकडची एक बाई होती, तिचं नाव इथे लिहीत नाही. तिचा पुनर्विवाह होता आणि सूची निघायच्या आत तो जमलाही होता. तिचा शेरा छोट्या टॅगने परिचय टॅगच्या हाती दिला. परिचय टॅग कार्ड छापतो आणि शेवटी हात रिकामे करतो. पण कार्ड ‘जमलं’ असेल तर माझी एक ओळ त्याला सांगते, छापायचं नाही, इथूनच परत फीर. तो परत फिरतो तो शेरा हातात घेऊनच. पुढच्या कार्डाला सर्व्हर नवा टॅग आणत नाही, तोच वापरतो. पुढच्या मुलीने स्वतःचा शेरा दिला असेल तर तो जुन्याच्या जागी बसतो आणि काहीच बिघडत नाही. तिने जागा कोरी सोडली असेल तर आधीचा शेरा तिच्या कार्डावर.

“टेस्टमध्ये आपण दर वेळी नवं ताट घेत होतो,” ज्योत्स्ना म्हणाली. “पंगतीत तेच ताट न धुता पुढच्याला वाढलं.”

मग तिने यंदाची सूची लावून पाहिली. दोन ठिकाणी तसंच. एक मुलगा यावलचा आणि एक मुलगी बोदवडची, भूमिका, एम.एस्सी. झालेली. बोदवड म्हणजे माझं गाव. त्या पोरीच्या वडिलांबरोबर मी शाळेत होतो. बारा दिवसांनी पुस्तक निघालं असतं आणि मी पुन्हा म्हणालो असतो, टायपिंगवाल्याची चूक.

बुधवार, १७ डिसेंबर

काल चूक सापडली तेव्हा पहिल्यांदा जे वाटलं ते सुटकेचंच होतं. हे लिहायला हवं. भूमिका बचावली, यंदाची सूची बचावली, मी बचावलो, या क्रमाने वाटलं की उलट्या, ते मात्र नीट आठवत नाही. मग घरी जेवायला बसलो आणि ती ‘परत फीर’वाली ओळ डोळ्यांपुढे आली. ती मी लिहिली, २०११ साली, पुण्याची नोकरी सोडून आल्यावर, स्वतःवर फार खूश असताना. रूपाताई खरं बोलत होत्या.

गुरुवार, १८ डिसेंबर

दुरुस्ती म्हणजे एकच ओळ. टॅगने काम सुरू करतानाच हात रिकामे करायचे. पण ज्योत्स्नाने मला ती लगेच लिहू दिली नाही. आधी टेस्ट: एकच टॅग घ्यायचा, त्याला ओळीने दोन कार्डं द्यायची, पहिलं शेरा असलेलं आणि ‘जमलं’, दुसरं कोरं. टेस्ट लाल झाली. लाल रंग बघून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं, कारण आता कळलं होतं की टेस्ट बरोबर ठिकाणी बघतेय. मग ओळ लिहिली, हिरवी झाली.

शेरा दाखवायचा की नाही हे ठरवणारा भाग तिने टॅगमधून काढून वेगळा ठेवला. त्याला ना सर्व्हर लागतो ना खोटं पान, साध्या हिशोबासारखा तपासता येतो. टॅगकडे आता फक्त मांडणी. आणि सगळ्यात शेवटी खऱ्या सर्व्हरवर अख्खी सूची एकदा. मी तिला म्हटलं, हे तीनही ठेवू. एकावर विसंबून मी काय केलं ते पाहिलंस ना. ती म्हणाली, “हो भाऊ.” पहिल्यांदाच.

शनिवार, २० डिसेंबर

आबांना सांगायला भुसावळला गेलो. रेल्वे कॉलनीमागच्या त्यांच्या घरी ओट्यावर बसलो. सगळं सांगितलं, ताटासकट. आबा म्हणाले, “मंग ती रूपानी काय चूक व्हती?” मी म्हटलं, काही नाही. “तिले सांगं का?” म्हटलं, सांगतो. “आनि मोतीलालले?” सांगतो.

“पहिले सांग. मंग सूची,” आबा म्हणाले, आणि पुढे, जरा मवाळ होऊन, “दोन पोरं वाची गयात यंदा. ते बी लक्षात ठेव.” आत जाऊन स्वतः चहा सांगून आले. काम काढून घेतील असं वाटत होतं. तो विषयच त्यांनी काढला नाही.

मोतीलालभाऊंना तिथूनच फोन केला. मी बोलत होतो, ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “मनी पोरनी काय चूक नव्हती, हाई माले माहीतच व्हतं. पन दोन साल मी बठ्ठासले सांगत फिरनू. आते तू सांग.” मी म्हटलं, व्यासपीठावरून सांगतो. मग विचारलं, शेऱ्यात तुम्ही लिहिलंय ते ठेवायचं का? पलीकडे कोकिळाचा आवाज आला, काहीतरी म्हणाली. मोतीलालभाऊ म्हणाले, “ती सांगी राह्यनी, बठ्ठी पोरीसना मायक कोरंच राहू दे.” म्हणजे सगळ्या पोरींसारखं.

रूपाताईंना उद्या.

मंगळवार, २३ डिसेंबर

उद्या उद्या करत तीन दिवस गेले. छपाई, मंडप, फोन. मेळाव्याच्या गडबडीत असं काही सांगणं बरं दिसत नाही, निवांत भेटायला हवं, असं मी ज्योत्स्नाला म्हणालो. तिने मान हलवली. ही मान ती कोड वाचतानासुद्धा हलवायची, माझा कोड.

रविवार, २८ डिसेंबर

मेळावा पार पडला. सकाळी थंडी कडक होती, तरी मंडप भरला. अकराशे त्रेचाळीस, त्यात एकवीस ‘जमलं’, टाळ्याच टाळ्या. मी माइक घेऊन सांगितलं की मागच्या सूचीतली चूक माझ्या कोडची होती, कोकिळाच्या घरच्यांची नाही, आणि माहिती भरणाऱ्या रूपाताईंचीही नाही. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि बाकीच्यांनीही. कोकिळा व्यासपीठावर आली, नाव, शिक्षण, गाव सांगून उतरली. आवाज थोडा कापत होता, पण सगळ्याच पोरींचा कापतो.

भूमिकाही येऊन गेली. तिच्या वडिलांनी माझ्या पाठीवर थाप मारली, “वा हितू, यंदा पुस्तक झकास.” तिच्या कार्डाचं काय होणार होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही, हीच खुशी.

समितीने मला शाल दिली. माइकवर रूपाताईंचं नाव घेतलं, पण त्या मंडपात नव्हत्या. मी त्यांना बोलावलंच नव्हतं.

मंगळवार, ३० डिसेंबर

धुळ्याला जाऊन आलो. सकाळची एसटी, एरंडोल, पारोळा, अडीच तास. देवपुरात रूपाताईंचं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे. दहा बाय बारा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बाकावर पाच-सहा माणसं. केस पांढरे झालेत त्यांचे. मला बघून मानेनेच बसा म्हणाल्या.

एका म्हाताऱ्याचा कसला तरी दाखल्याचा फॉर्म चालू होता. त्यांनी तो भरला, मोठ्याने वाचून दाखवला, मग पुन्हा वाचला, मग पुन्हा. तो वैतागला, “बाई, कितला येळ वाचशी?” त्या म्हणाल्या, “बाबा, तीनदा वाचायचंच. माझा नियम आहे.” मग पाठवायचं बटण दाबलं. पुढच्या बाईचंही तसंच, तीनदा. बाकावरची माणसं एकमेकांकडे बघत होती. मला वाटलं, हिचा धंदा कसा चालतो.

मी निवांत वेळेची वाट बघत होतो. तशी वेळ येणार नव्हती. शेवटी उठलो आणि बाकावरच्या माणसांसमोरच सांगितलं. टॅग, ताट, चारशे बारा, चारशे तेरा. म्हटलं, तुम्ही जागा कोरीच सोडली होती, फाइलमध्ये आजही कोरी आहे. मी न बघता तुम्हाला काढलं. माझं चुकलं.

त्यांनी माउसवरचा हात काढला. पदराने चष्मा पुसला, बराच वेळ पुसत राहिल्या.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “आधी आठवायचं की कोरी सोडली. पण इतके लोक म्हणतात तर झालं असेल माझ्याच हातून, असं वाटायला लागलं. मग मला माझ्याच हाताचा भरवसा राहिला नाही.”

मी परत या म्हणून विचारलं, पगार वाढवून देतो म्हटलं. त्या नको म्हणाल्या, इथं बरं आहे, स्वतःचं आहे. चूक शोधणाऱ्या ज्योत्स्नाचं नाव मात्र दोनदा विचारून घेतलं. मला चहा मागवला आणि पुढच्या पोराचा फॉर्म हातात घेतला. परीक्षेचा होता. भरून झाला. त्यांनी तो वाचून दाखवला, नाव, जन्मतारीख, आईचं नाव, केंद्र. पोरगा हो हो म्हणत गेला.

वाचून झाल्यावर त्या थांबल्या. पुन्हा वरच्या ओळीवर जाणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी तसाच बटणावर हात नेला आणि दाबलं. फॉर्म गेला.

“पुढचं कोण आहे?” रूपाताई म्हणाल्या.